बांगलादेशी नसल्याचा दाखला

मागच्या सोमवारी सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर चालू व्हायला पाच मिनटं घेते तोवर झाडून घेत होतो, तर दारात एक आजी उभी. हातात तीच ती प्लास्टिकची पिशवी. आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांचं सरकार त्या पिशवीत असते, आधार, राशन कार्ड, बँकेचं पुस्तक, बुढ्याच्या मृत्यूचा दाखला, आणि दवाखान्याची एक जुनी चिठ्ठी जी कशाची आहे ते कोणालाच माहीत नसते. म्हणे, "बापू, तो बांगलादेशी नसल्याचा दाखला काढून दे. कितीक पैसे लागते?"

मी म्हटलं आजी असा दाखला नसते. तर तिला वाटलं मी टाळून राहिलो. "असा कसा नसते गा? नातीनं मोबाईलमधी दाखवलं ना. ज्याच्यापाशी नाही त्याले धरून नेते म्हणे."

मी गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, धानाच्या बोनसची नोंदणी, पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म, जे असन ते. आता या धंद्यात लोकं काहीही मागतात, एकानं मला दारू सुटल्याचा दाखला मागितला होता (बायकोला दाखवायला). पण हा दाखला पहिल्यांदाच. आणि आजीला हसून वाटेला लावायची म्हटलं तरी जमेना, कारण बाई खरंच भ्यायली होती. जन्म इथला, लग्न इथलं, जास्तीत जास्त मार्कंड्याच्या जत्रेला आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात गेलेली. तिला बांगलादेश कोणत्या दिशेला आहे तेही माहीत नाही.

नातीला फोन लावून ती रील मागवली तेव्हा कळलं भानगड कायची आहे. जन्मदाखल्याची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जन्माची नोंद वर्षभरात नाही झाली तर आधी कोर्टातून आदेश आणावा लागे, २०२३ मध्ये कायदा बदलला आणि ते काम तहसीलकडे, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आलं. सोपं झालं. आणि सोपं झालं की आपल्याकडे काय होते ते सांगायची गरज नाही. मालेगावपासून आरोप सुरू झाले, मग अमरावती, अकोला, अंजनगाव सुर्जी अशी आपल्या विदर्भाची नावं टीव्हीवर यायला लागली, की बांगलादेशी लोकांना उशिराच्या नोंदीचे दाखले वाटले. सरकारनं एसआयटी (विशेष तपास पथक) नेमली, जानेवारी २०२५ मध्ये असे दाखले देणं राज्यभर थांबवलं आणि मार्चमध्ये नवीन पद्धत काढली, पहिल्यापेक्षा बरीच कडक. आरोप किती खरे किती खोटे ते एसआयटी जाणे. पण त्या मधल्या महिन्यांमध्ये माझ्या टेबलावर ज्या फाईली अडकल्या त्यांच्यात एकही बांगलादेशी नव्हता, एक पोरगी होती जिला नर्सिंगला ॲडमिशन घ्यायची होती आणि जी दवाखान्यात न जन्मता घरी जन्मली होती.

पण मी कडकपणाच्या विरोधात आहे असं कोणी समजू नका. उलट आमच्या धंद्यातल्या माणसाएवढा बोगसचा राग कोणाला नसते. दोन-तीन वर्षांमागे माझ्याकडे एक माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, फाईलमध्ये प्रत्येक कागद प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, झेरॉक्स तीन-तीन सेट, फोटोच्या मागे नाव लिहिलेलं. मी त्या दिवशी मनात म्हटलं बावा असा गिऱ्हाईक रोज आला पाहिजे. दहा मिनटात काम केलं. सहा महिन्यांनी मला ऑफिसात बोलावलं, अर्धा दिवस बसवलं, कारण त्या फाईलमधला ग्रामपंचायतीचा शिक्का ग्रामपंचायतीचा नव्हताच, कुठूनतरी बनवून आणला होता. त्या दिवसापासून माझा एक नियम आहे, ज्याची फाईल एकदम पूर्ण त्याच्याकडे मी दोनदा पाहतो. खऱ्या माणसाची फाईल कधीच पूर्ण नसते हो. एक कागद घरी राहतेच, एक उंदरानं खाल्लेला असते, आणि एकावर नाव चुकलेलं असते.

हे डोक्यात असल्यामुळे असन, पण टीव्हीवर देशाची सुरक्षा आणि घुसखोर हे दोन शब्द एकत्र आले की मला कसंतरी होते. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत जे दहा जण आले ते समुद्रातून आले, 'कुबेर' नावाची आपलीच मासेमारीची बोट धरून आले आणि त्यांच्या खिशात काय होतं? हैदराबादच्या कॉलेजची ओळखपत्रं, हिंदू नावाची. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ ला विमानं पळवणारे १९ जण, ते सगळेच्या सगळे व्हिसा घेऊन विमानतळावरून शिक्का मारून आत गेले होते. म्हणजे ज्याला बॉम्ब फोडायचा आहे तो झेरॉक्सचे तीन सेट घेऊन येते राजेहो. सापडते ती पिशवीवाली आजी.

आता हे मी पानठेल्यावर बोललो तर आमचे मास्तर काका (रिटायर्ड, पेपर पूर्ण वाचतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं सोपं नाही) लगेच म्हणाले, "मंग काय सीमा उघडी टाकाची का? या म्हणाचं का सगळ्याइले?"

नाही ना काका. बांगलादेशला लागून आपली ४,०९६ किलोमीटरची सीमा आहे, त्यातली सव्वातीन हजारच्या आसपास कुंपण घालून झाली असं सरकारनंच संसदेत सांगितलं, उरलेल्या भागात काही ठिकाणी नदी, काही ठिकाणी दलदल, काही ठिकाणी जमिनीची भानगड. ते कुंपण पूर्ण करा, बीएसएफला माणसं द्या, कॅमेरे द्या, जो दलाल रात्री पैसे घेऊन माणसं पार करते आणि इकडे आधार बनवून देते त्याला दहा वर्ष आत टाका, कोण नाही म्हणते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत एका नटाच्या घरात घुसून चाकू मारला तेव्हा पकडलेला माणूस बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं. म्हणजे येणारे येतातच, हे खोटं नाही. २२ एप्रिल २०२५ ला काश्मीरात पहलगामला २६ माणसं मारली त्यानंतर लोकांचं डोकं गरम होणं, सरकारनं कडक होणं, ह्यातही काही चूक वाटत नाही मला.

पण कडकपणा सीमेवरून निघून जसा जसा आत येते तसा तो बदलते. सीमेवर तो बंदूक असते, दिल्ली-मुंबईत तो पोलीस व्हॅन असते, आणि आमच्या इथपर्यंत पोचेपर्यंत तो कागद होऊन जाते. आणि कागदात आमचे लोक पहिल्यापासून नापास आहेत.

काकांचा मुद्दा वेगळाच होता आणि तो मला मान्य करावा लागला. त्यांचा मुलगा टेक्सासमध्ये आहे, एच-१बी वर, म्हणजे कामाच्या व्हिसावर, आयटीत. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्पनं नवीन एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर फी लावली तेव्हा काकांचा बीपी वाढला होता, नंतर कळलं की आधीपासून तिथे असलेल्यांना ती लागू नाही तेव्हा उतरला. मी त्यांना टोमणा मारला की काका, तिकडे तुमचा पोट्टा परका आहे, तिकडचा एखादा मास्तर पानठेल्यावर बसून तुमच्या पोट्ट्याबद्दल हेच बोलत असन. तर म्हणाले, "माहा पोरगा लाईनीत उभा राहून गेला. मुंबईला तीनदा चकरा मारल्या व्हिसासाठी. चोरवाटेनं, डंकीनं नाही गेला. लाईनीत उभं राहणाऱ्याले आणि भिंत कुदणाऱ्याले सारखंच मोजाचं का मंग?"

बरोबर आहे. खरंच बरोबर आहे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला १०४ भारतीयांना घेऊन उतरलं, हातात बेड्या पायात साखळ्या, त्यात महाराष्ट्रातलेही तीन होते, आणि दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकरांनी राज्यसभेत आकडे सांगितले की हे काही आज सुरू झालं नाही, २००९ पासून साडेपंधरा हजाराच्या वर भारतीय असे परत पाठवले आहेत. तेव्हा आपल्या इकडे दोन मतं होती. अर्धे म्हणत होते बेड्या घातल्या हा देशाचा अपमान, अर्धे म्हणत होते चोरून गेले तर भोगा. गंमत अशी की जे लोक अपमान अपमान करत होते तेच इकडच्या बंगाली मजुराला बेड्या घातल्या असत्या तर टाळ्या वाजवले असते, आणि हे मी काकांना म्हटलं तर काका म्हणाले बेड्या कोणालेच घालू नये, परत पाठवा पण माणसासारखं पाठवा. म्हटलं ना, पेपर पूर्ण वाचतात.

फक्त काकांच्या हिशोबात एक गोष्ट गृहीत आहे, की कोण लाईनीत उभा होता आणि कोणी भिंत कुदली हे सांगता येते. अमेरिकेत सांगता येत असन बुवा, तिथे जन्मलेल्या जवळपास प्रत्येकाची नोंद दवाखान्यातूनच होते. इथे कसं सांगता? इथे तर जो भिंतीच्या आतच जन्मला त्याच्याजवळही पुरावा नाही.

आता माझा गुन्हा सांगतो. देशातलं पहिलं आधार कार्ड सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या महाराष्ट्रातच दिलं, नंदुरबारच्या टेंभली गावात. त्याच्यानंतर दोन-अडीच वर्षांनी आमच्या भागात कॅम्प लागले आणि त्यातल्या एका कॅम्पवर ऑपरेटर मी होतो. वय एकवीस, एका नोंदणीमागे पैसे मिळायचे, दिवसाला जेवढ्या जास्त तेवढे जास्त. शाळेच्या व्हरांड्यात लाईन, लाईट जाऊन राहिली, जनरेटर धूर सोडून राहिला, आणि समोर म्हातारी. "आजी जन्मतारीख?" "मोठा पूर आला ना, त्याच्या आंधीच्या साली." कोणता पूर? कोणाला माहीत. मग चेहऱ्याकडे पाहायचं, सुरकुत्या मोजायच्या आणि टाकायचं, ०१/०१/१९५५. पुढचा. ०१/०१/१९५०. पुढचा. नावाचं तर विचारूच नका. सखुबाई की साखूबाई की सकुबाई, इंग्रजीत यू एक की ओ दोन, ज्या बोटाला जे सापडलं ते. माझ्याआधी शाळेत गुरुजींनी अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जुलै करून ठेवला होता, शाळा सुरू व्हायच्या हिशोबानं, आणि जे शाळेत गेलेच नाही त्यांचा मी १ जानेवारी केला. आमच्या गावात कोणी वाढदिवसाचा केक कापायचा म्हटलं तर वर्षातून दोनच दिवस दुकान चालन.

तेव्हा कोणालाच वाटलं नव्हतं की हे एक दिवस कोणी तपासन. राशनसाठी आहे म्हणायचे. आणि आता आधार हा नागरिकत्वाचा पुरावाच नाही हे कायद्यातच लिहिलं आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानंही एका प्रकरणात परत सांगितलं की आधार, पॅन, मतदान कार्ड आहे म्हणून कोणी नागरिक होत नाही. कायद्यानं बरोबरच असन ते. पण मग आजीच्या पिशवीत उरलं काय? दवाखान्याची चिठ्ठी.

पुराव्याचा हा खेळ विदर्भातल्या माणसाला काही नवा नाही म्हणा. जात वैधता ज्यानं काढली त्याला विचारा. एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा, की आपला आजा-पणजा इथेच होता. त्यासाठी मग कोतवाल पंजीची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरची) नक्कल, शाळेचं दाखल-खारीज, जमीन बंदोबस्ताचे कागद, रेकॉर्ड रूममध्ये चकरा, तिथले कागद हात लावला की तुकडे पडतात. ज्याच्या आज्याकडे शेती होती त्याचा सातबाऱ्यावर, जुन्या मिसलीवर कुठेतरी पत्ता लागते. ज्याचा आजा दुसऱ्याच्या बांधीत रोवणं करायला जाये त्याचा पत्ता कुठेच लागत नाही. म्हणजे इथेही शेवटी जमीनवालाच पास. भूमिहीन माणूस या देशात जन्मला हे फक्त त्या माणसालाच माहीत.

आणि कायदा बघा कसा आहे. १९४६ चा जो जुना विदेशी नागरिक कायदा होता त्यात असं होतं की कोणी तुम्हाला परदेशी म्हटलं तर आपण परदेशी नाही हे तुम्ही सिद्ध करायचं, म्हणणाऱ्यानं नाही. चोरीच्या केसमध्येसुद्धा पोलिसांना सिद्ध करावं लागते, इथे उलटं. २०२५ मध्ये तो कायदा आणि त्याच्यासोबतचे तीन जुने कायदे रद्द करून एकच नवीन कायदा केला, १ सप्टेंबरपासून लागू झाला, त्यात विना पासपोर्ट-व्हिसा घुसणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, खोटे कागद वापरले तर सात वर्षांपर्यंत. शिक्षा वाढवली, चांगलं केलं. पण सिद्ध करायचं ओझं होतं त्याच डोक्यावर राहिलं.

ते ओझं कसं असते ते आसामनं पाहिलं. ३१ ऑगस्ट २०१९ ला एनआरसीची (नागरिकांच्या नोंदवहीची) शेवटची यादी लागली, १९ लाख ६ हजार ६५७ माणसं बाहेर. त्याच वर्षी एक रिटायर्ड फौजी, कारगिलच्या वेळी फौजेत असलेला, परदेशी ठरवून डिटेन्शन कॅम्पमध्ये टाकला होता, नंतर हायकोर्टानं जामिनावर सोडला. आणि एक केस तर मी आमच्या दुकानात भिंतीवर चिकटवावी म्हणतो. आसाममधल्या एका माणसाला नावाच्या स्पेलिंगमध्ये आणि तारखांमध्ये फरक पडते म्हणून परदेशी ठरवलं. तो लढत राहिला. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की स्पेलिंगच्या असल्या बारीक चुकांवरून कोणी परदेशी होत नाही, आणि उगाच कोणालाही नोटीस देता येत नाही, संशयाला काहीतरी आधार पाहिजे. माणूस भारतीय ठरला. पण निकाल लागला तेव्हा तो जिवंत नव्हता. स्पेलिंगची चूक! म्हणजे तिकडच्या कुठल्यातरी माझ्यासारख्यानंच केली असन ना ती, कुठल्यातरी व्हरांड्यात, घाईत.

जून २०२५ मध्ये दिल्लीत बंगालच्या बीरभूमच्या एका गरोदर बाईला उचललं, सीमेपलीकडे ढकलून दिलं, तिकडच्या पोलिसांनी तिला भारतीय घुसखोर म्हणून जेलात टाकलं. दोन्ही देशात घुसखोर! शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं तेव्हा डिसेंबरात परत आणली. हे मी कोणत्या पक्षाच्या बाजूनं सांगत नाही, मला पक्षाचं काही घेणं नाही, माझ्या दुकानात सगळ्या पक्षांचे बॅनर प्रिंट होतात आणि उधारी सगळ्यांचीच आहे.

आता सुरक्षेचं. माफ करा पण देशाची सुरक्षा काय असते ते गडचिरोलीवाल्याला टीव्हीवरच्या अँकरनं शिकवू नये. आम्ही ते जेवणात खाल्लं आहे. रात्री जंगलातले नक्षली यायचे आणि विचारायचे पोलीस कोण आला होता, सकाळी पोलीस यायचे आणि विचारायचे रात्री कोण आला होता. खबऱ्या म्हणून कितीक निरपराध माणसं मारली नक्षल्यांनी. ओळख विचारली की पोटात गोळा येणं हे आमच्याकडच्या चाळिशीच्या वरच्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती, नक्षल्यांचा एवढा मोठा नेता, गडचिरोलीत साठ साथीदारांसोबत मुख्यमंत्र्यांसमोर हत्यार टाकून मोकळा झाला. हे कसं झालं? सी-६० चे, म्हणजे पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचे जवान लढले, मेले, ते आहेच, त्याला तोड नाही. रस्ते झाले, टॉवर लागले, आत आत पोलीस मदत केंद्रं बसली. पण अजून एक गोष्ट झाली जी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते.

गडचिरोली पोलिसांनी 'दादालोरा खिडकी' काढली. दादालोरा हा गोंडी शब्द, म्हणजे दादाची खिडकी, पोलीस दादाची. पोलीस ठाण्यात, मदत केंद्रात एक खिडकी, तिथे आदिवासी माणसानं यायचं आणि पोलिसांनी त्याला जातीचा दाखला काढून द्यायचा, आधार दुरुस्त करून द्यायचं, योजनेचा फॉर्म भरून द्यायचा. पोलिसांनी! ज्या वर्दीला पाहून लोक जंगलात पळत होते ती वर्दी बसून फॉर्म भरून राहिली. (धंद्याच्या हिशोबानं माझं नुकसानच, पण जाऊ द्या.) म्हणजे देशातल्या सगळ्यात अवघड जिल्ह्यात सुरक्षेसाठी पोलिसांनी काय केलं तर लोकांना कागद मागितले नाही, कागद दिले. आणि मग लोक बोलायला लागले. माहिती लोकं देतात. आधार कार्ड काही उठून ठाण्यात जाऊन सांगत नाही की बाजूच्या घरात कालपासून एक अनोळखी पाहुणा आहे. ते शेजारी सांगते, आणि शेजारी तेव्हाच सांगते जेव्हा ठाण्यात गेल्यावर आपलीच चौकशी होणार नाही याची त्याला खात्री असते. मला वाटते घुसखोर पकडायचा असन तरी हाच रस्ता आहे. सगळ्यांना घाबरवून ठेवलं तर खरा घुसखोर त्या गर्दीत मस्त लपते, सगळेच खाली मान घालून चालत असले की कोणाची मान ओळखाल?

आजीला मी बसवलं, चहा मागवला. तेवढ्यात माझा बंगाली दोस्त आला, त्याला पीक विम्याचं काम होतं. आता ज्यांना माहीत नाही त्यांना वाटन गडचिरोलीत बंगाली कुठून आले. आमच्या चामोर्शी तालुक्यात आणि बाजूच्या मुलचेऱ्यात बंगाल्यांची गावंच्या गावं आहेत, विवेकानंदपूर, सुंदरनगर, नावावरूनच कळते. पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासित, १९६४ च्या दंग्यांनंतर बरेच जण रायपूरजवळच्या माना कॅम्पमध्ये राहिले आणि मग सरकारनं त्यांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जंगल तोडून जमिनी दिल्या. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १९८२ चा. सुरुवातीला आमच्या लोकांनी नाकं मुरडली, हे मच्छी खाणारे, यांची भाषा कळत नाही, आमचं जंगल तोडून राहिले. (जंगल गेलं हे खरंच आहे आणि ज्या माडिया-गोंडांचं ते जंगल होतं त्यांना कोणी विचारलं नाही, तो वेगळा विषय, त्यावर एक दिवस लिहीन.) मग त्यांनी बोड्यांमध्ये (लहान तळ्यांमध्ये) मच्छी कशी पाळायची ते दाखवलं, भाजीपाला पिकवून बाजार भरवले, आणि आता त्यांच्या दुर्गापूजेला आमच्या गावचे अर्धे लोक जातात. त्यांचीही एक जुनी रड आहे, त्यांच्यातले बरेच नमोशूद्र, बंगालमध्ये एससी, महाराष्ट्रात नाही, म्हणून सवलत नाही.

माझा दोस्त इथेच जन्मला, माझ्यासोबत शिकला, झाडीबोली माझ्यापेक्षा चांगली बोलते. मागच्या पावसाळ्यात नागपूरला दवाखान्याच्या कामानं गेला, लॉजच्या खाली उभा राहून आईशी फोनवर बंगालीत बोलून राहिला होता तर दोन जण आले, कुठचा आहे, आधार दाखव. दाखवलं. गडचिरोली वाचून म्हणे हे कुठून बनवलं. अर्धा तास. तेव्हापासून हा गडी घराबाहेर आईचा फोनच उचलत नाही, मेसेज करतो नंतर बोलतो म्हणून. मला हे सांगताना हसत होता, पण मी त्याला पंचवीस वर्षांपासून ओळखतो.

पण गंमत ऐका. त्याच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. त्यात त्याच्या आज्याची बॉर्डर स्लिप, माना कॅम्पचा कागद, इकडे जमीन दिली त्याचा कागद, सगळं तारखेसकट, शिक्क्यासकट. कपड्यात गुंडाळून, डांबरगोळ्या टाकून ठेवलं आहे, घराला आग लागली तर पोरांच्या आधी ती पेटी बाहेर निघन असं त्याचा बाप म्हणते. म्हणजे बाहेरून आला त्याच्याजवळ सरकारचा कागद आहे की हा अमुक दिवशी आला. आणि जी कुठूनच आली नाही त्या आजीजवळ काहीच नाही, कारण न येण्याची पावती कोण देते?

आजी त्याला ओळखत नव्हती. कुठचा गा, विचारलं. त्यानं गाव सांगितलं. तर म्हणे, "बंगाल्यायचा होय? तुमी लोकं आले ना, टिरकच्या टिरक भरून, तवाच माहं लगीन झालं. माहा बुढा तुमच्या जागेवरचे झाडं तोडाले जाये रोजीनं. मी नवी नवरी, भाकर घेऊन जावो. तुमच्या बायका मले पाहत आन् मी त्याइले पाहो. बोलता त येत नव्हतं."

मी खुर्चीतून सरळ झालो. म्हटलं आजी, लग्न झालं तेव्हा किती वर्षांची होती? "न्हाती झाली त्याच्या दुसऱ्या साली." म्हणजे चौदा-पंधरा धरा. दोस्ताला विचारलं तुमच्या गावची जमीन वाटली ते साल कोणतं रे पेटीतल्या कागदावर? त्यानं तिथूनच बापाला फोन लावला, बंगालीत, माझ्या दुकानात बसून, मोठ्यानं. तिकडे पेटी उघडल्याचा आवाज, मग शोधाशोध, मग "उन्निशशो शातषट्टी."

१९६७. त्यातून पंधरा काढले तर बावन्न. मी आजीच्या आधारवर पाहिलं, ०१/०१/१९५५. तीन वर्ष मी तिची खाल्ली होती त्या व्हरांड्यात.

आधारमध्ये जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि त्याला पुरावा लागते, आणि बंगाल्याच्या पेटीतला कागद कोणत्याच यादीत पुरावा म्हणून बसत नाही. तरी मी तिच्यासाठी कोतवाल पंजीच्या नकलेचा अर्ज लिहिला, वर्ष १९५१ ते १९५३, माहेरच्या गावचं नाव टाकून, कारण निदान शोधायचं कुठून ते तर कळलं. अर्ज लिहून होईपर्यंत आजी आणि दोस्त गप्पा मारत बसले होते, कोणत्या ठिकाणी विहीर होती, कोणतं मोठं मोहाचं झाड तोडलं नाही आणि ते अजून आहे का. आहे म्हणाला. आजीनं पिशवी आवळली, मला विचारलं किती झाले, मी म्हटलं काही नाही. दारातून परत वळली आणि म्हणे, "मंग बापू, तो बांगलादेशी नसल्याचा दाखला कधी येते?"